फॉर्च्यूनला मराठीत काय म्हणतात?

(गेल्या वर्षी गणेशोत्सवात आपल्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. संपादकांच्या आग्रहावरून थोडा आवरून लिहून दिला आहे.)



प्रथम श्रींना वंदन करतो आणि मग एक कबुली देतो. आम्ही भाषेचे पंडित नाही. डिप्लोमा केला, सरकारी खात्यात उपयंत्री म्हणून लागलो, आणि गेली वीसेक वर्षे रस्ते, मोऱ्या आणि नाल्या मोजत आहोत. आजच्या व्याख्यानाला इंदूरचे एक प्राध्यापक येणार होते. त्यांची तब्येत बिघडली. परवा रात्री कार्यवाहांचा फोन आला, "तुमचं नशीब बघा, तुम्हाला संधी चालून आली!" आम्ही फोन ठेवला आणि म्हटले, आता याच शब्दावर बोलू. नाहीतरी आठवडाभर तोच आमच्या डोक्यात घोळत होता.

त्याचे असे झाले. आमची कन्या इंग्रजी शाळेत सातवीत आहे. तिला गृहपाठ होता, 'फॉर्च्यून' या शब्दाचे अर्थ आणि समानार्थी शब्द लिहा. तिने स्वयंपाकघरात डोकावून आईला विचारले. आमच्या सौ. म्हणाल्या, "फॉर्च्यून म्हणजे सोयाबीनचं तेल. पिशवी त्या फळीवर आहे." मध्य प्रदेशात सोयाबीन एवढे पिकते की हे उत्तर अगदीच चूक म्हणता येणार नाही. पण बाईंना चालले नसते. मग गृहपाठ आमच्याकडे आला, आणि आम्ही कोश घेऊन बसलो. वडिलांनी जमवलेले दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड घरात आहेत. ते काढले, वरची धूळ झटकली. मुलीचा गृहपाठ अर्ध्या तासात संपला, आमचा अजून चालू आहे.

फॉर्च्यूनचे मुख्य अर्थ दोन. एक नशीब, दुसरा संपत्ती. इंग्रजीत 'त्याचे फॉर्च्यून चांगले' म्हटले की दैव, आणि 'त्याने फॉर्च्यून कमावले' म्हटले की पैसा. एकाच शब्दात दोन्ही कसे मावले? फॉर्तुना ही रोमन लोकांची देवी. तिच्या एका हातात गलबताचे सुकाणू आणि दुसऱ्या हातात फळाफुलांनी भरलेले शिंग. सुकाणू म्हणजे आयुष्य कुठे वळायचे ते, आणि शिंग म्हणजे समृद्धी. तिचे एक चाकही असते. ते फिरले की वरचा खाली आणि खालचा वर. आपल्याकडे कालिदासानेही मेघदूतात माणसाच्या दशेला चाकाच्या धावेची उपमा दिली आहे. त्याच मेघदूतातला मेघ आपल्या शेजारच्या विदिशेवरून जातो, म्हणजे हा विचार आपल्यापासून फार लांबचा नाही.

आता समानार्थी शब्द. 'लक' हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकाच्या सुमारास आला, तोही बहुधा जुगार खेळणाऱ्यांच्या तोंडून. 'फेट' म्हणजे मुळात 'बोललेले', देवांनी एकदा बोलून टाकलेले. 'चान्स' म्हणजे 'पडलेले', फासा पडतो तसे. 'हॅपी' या शब्दाच्या पोटातही जुना 'हॅप' आहे, त्याचा अर्थ दैवयोग. म्हणजे इंग्रजांच्या लेखी सुखी माणूस हा आधी नशीबवान माणूस होता. आणि 'लॉट' म्हणजे वाटा. चिठ्ठ्या टाकून जो वाट्याला आला तो लॉट. लॉटरी त्याच घरातली, आणि आपल्या सर्वांच्या ओळखीची अलॉटमेंटही त्याच घरातली. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे दैवाचे शब्द केवढे! भाग्य, दैव, नशीब, प्रारब्ध, प्राक्तन, संचित, विधिलिखित, अदृष्ट, योग, कपाळ. भोपाळात राहतो म्हणून त्यात किस्मत, तकदीर आणि मुकद्दरही धरू. आम्हाला वाटले होते, हे सगळे एकच. पण कामावर जसे मुरूम, खडी आणि गिट्टी यांना कुणी एक म्हणत नाही, तसेच हेही एक नाहीत. प्रत्येकाच्या मागे वेगळे चित्र आहे.

'दैव' सरळ आहे, देवाकडून आलेले. 'प्राक्तन' म्हणजे पूर्वीचे, 'संचित' म्हणजे साठवलेले. 'प्रारब्ध' म्हणजे सुरू झालेले. प्रारंभ आणि प्रारब्ध हे सख्खे भाऊ. वेदान्तात दाखला देतात तो सुटलेल्या बाणाचा. भात्यात आहेत ते बाण संचित, आणि धनुष्यातून सुटला तो प्रारब्ध. त्याला आता परत बोलावता येत नाही. आपल्या खात्याच्या भाषेत, वर्क ऑर्डर निघून गेली.

'कपाळ' मात्र अस्सल घरगुती शब्द. मूल जन्मले की पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर लिहून जाते. म्हणून पाचवीच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. 'दारिद्र्य पाचवीला पुजलेले' हा वाक्प्रचार तिथलाच. गंमत पाहा, इंग्रजांचे फेट बोललेले असते, आपले लिहिलेले असते. त्यांच्याकडे तोंडी आदेशावर काम चालले. आपल्याकडे देवालाही लेखी द्यावे लागते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. 'भाग्य' हा शब्द 'भाग' यावरून आला. मूळ धातू भज्, म्हणजे वाटणे, वाटा देणे. भाग्य म्हणजे जो भाग आपल्याला आला तो. याच धातूपासून 'भक्त' झाला, आणि भक्त या शब्दाचा एक जुना अर्थ वाटून दिलेले अन्न. त्याचाच घासून घासून झालेला शब्द म्हणजे आपल्या पानातला 'भात'. म्हणजे भाग्य, भक्ती आणि भात एकाच चुलीवरचे.

'नशीब' अरबीतून फारसीमार्गे आले. तिकडे ते 'नसीब'. मराठीने त्यातला स जिभेवर घोळवून श केला. नसीब म्हणजे काय? हिस्सा. आणि 'किस्मत' म्हणजे? वाटणी. जमिनीच्या कागदांत 'तकसीम' हा शब्द तुम्ही पाहिला असेल, तो किस्मतचा भाऊ. म्हणजे संस्कृत भाग्य, अरबी नसीब आणि किस्मत, इंग्रजी लॉट, चारही ठिकाणी माणसांनी एकच चित्र पाहिले. कुणीतरी वाटत आहे, आणि आपल्या पुढ्यात आपला वाटा पडत आहे. मराठीतही आपण दुःख 'वाट्याला आले' असेच म्हणतो.

हा अर्थ आम्हाला कोशात पहिल्यांदा सापडला नाही. तो फार आधी एका माणसाने सांगितला होता. ती गोष्ट सांगण्यासाठी जरा मागे जावे लागेल.

१ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला आणि भोपाळ राजधानी झाली. त्यापूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर. नागपूरच्या सचिवालयातले कित्येक मराठी लोक फायलींच्या पेट्यांबरोबर इथे आले. आमचे आजोबा त्यांतले. विदर्भ तिकडे गेला, आजोबा इकडे आले. पुढे १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळे झाले, तेव्हा कर्मचाऱ्यांची पुन्हा वाटणी झाली. काहींना भोपाळ, काहींना रायपूर. इथे बसलेल्या किती घरांत त्या यादीची रात्र रात्र वाट पाहिली असेल! किस्मत म्हणजे वाटणी हे सरकारी माणसाला कोशातून शिकावे लागत नाही.

आमचे वडीलही सरकारी कार्यालयात लिपिक होते. त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी होते, भोपाळचे पिढीजात रहिवासी. आम्ही त्यांना चचा म्हणायचो. त्यांचे उर्दू अक्षर मोत्यासारखे होते. दोघे भाड्याच्या घरात राहत, दोघांनी १९८३ साली टी. टी. नगरातल्या क्वार्टरसाठी एकाच दिवशी अर्ज भरला. खिडकीपाशी दोघे बरोबरच पोहोचले. चचा हसून म्हणाले, "पहले आप." वडिलांनी अर्ज आधी आत सरकवला. त्यांचा क्रमांक आधीचा, चचांचा त्यापाठोपाठ. त्या यादीत क्वार्टर एकच निघाले. अलॉटमेंट आमच्या नावाने झाली. आम्ही तलावाच्या अलीकडे टी. टी. नगरात राहायला आलो, आणि चचा चांदबडच्या भाड्याच्या खोल्यांत राहिले.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र. त्याबद्दल या सभागृहात कुणी कुणाला सांगायला नको. मध्यरात्रीनंतर कारखान्याच्या टाकीतून गॅस सुटला आणि वारा त्याला जुन्या शहराकडे घेऊन गेला. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, चांदबड, रेल्वे स्टेशन. आमच्या टी. टी. नगरात बहुतेक लोक सकाळी उठले तेव्हा त्यांना कळले. आम्ही तेव्हा पहिलीत होतो. एवढेच आठवते की शाळा नव्हती, आणि वडील सायकल काढून गेले ते संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. चाची तिसऱ्या दिवशी हमीदिया रुग्णालयात गेल्या. चचा आणि त्यांची मुलगी वाचली. चचांची छाती मात्र कायमची अधू झाली. पुढे त्यांनाही क्वार्टर मिळाले, आमच्याच मागच्या ओळीत. राहायला आले तेव्हा तिघांच्या ऐवजी दोघे होते.

आमचे वडील त्यानंतर 'नशीब' हा शब्द घरात वापरत नसत. नातेवाईक म्हणत, "वाचलात हो, नशीब थोर!" वडील उठून बाहेर जात. लहानपणी आम्हाला त्याचे कारण कळत नसे.

१९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरचा समझोता झाला, आणि नव्वदच्या दशकात दावे निकाली निघून लोकांच्या हातात पैसे पडू लागले. ज्याच्या वाट्याला जे आले ते आले. चचांनाही काही रक्कम मिळाली. त्या दिवशी कार्यालयात कुणीतरी, वाईट हेतूने नव्हे, पण बोलून गेले, "चचा की तो किस्मत खुल गई." चचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "किस्मत का मतलब बँटवारा होता है, भाई। बाँटने वाले का नाम पूछो।"

वडिलांनी हे आम्हाला घरी येऊन सांगितले. आम्ही तेव्हा शाळेत होतो, उर्दू येत नव्हते, पण वाक्य पक्के लक्षात राहिले. परवा मुलीच्या गृहपाठासाठी कोश उघडला आणि पाहिले, चचांचा अर्थ बरोबर होता. वारा कुठल्या दिशेने वाहिला ते नशीब म्हणता येईल. खिडकीपाशी कोण आधी आणि कोण नंतर, तेही म्हणू. पण टाकीच्या सुरक्षेची साधने त्या रात्री बंद का होती, याला नशीब म्हणता येत नाही. तो वाटा कुणीतरी वाटला होता.

सभागृह जरा गंभीर झाले. आता फॉर्च्यूनच्या दुसऱ्या अर्थाकडे, पैशाकडे वळू. तिथे सगळ्यांचे चेहरे उजळतात.

'दौलत' घ्या. आपण दौलत म्हणजे पैसा समजतो. पण अरबीत त्याचे मूळ आहे फिरणे, आळीपाळीने येणे. आज याची पाळी, उद्या त्याची. पाळी आली की राज्य मिळते, म्हणून दौलत म्हणजे राज्य. राज्य आले की पैसा येतो, म्हणून दौलत म्हणजे संपत्ती. जुन्या कागदांत 'मराठी दौलत' असे येते ते राज्य या अर्थाने. फॉर्तुनाच्या चाकाला शोभेल असा आपल्या भाषेतला शब्द कुठला असेल तर तो दौलत. ग्वाल्हेरच्या गादीवर दौलतराव शिंदे बसले, त्यांच्याच काळात चाक किती फिरले ते इतिहासात आहे. आणि आपल्या भोपाळपाशी पहिल्या बाजीरावांनी निजामाला कोंडले, १७३८ च्या जानेवारीत दोराह्याला तह झाला, तेव्हा माळव्याची पाळी बदलली. म्हणजे दौलत फिरली.

'संपत्ती' आम्हाला फार आवडला. यात धातू पद्, म्हणजे जाणे, पडणे. चांगले घडून आले ती संपत्ती. अंगावर येऊन पडली ती आपत्ती. उलटे घडले ती विपत्ती. तिघी एकाच आईच्या लेकी. आमचे 'पद' आणि 'पदोन्नती'ही त्याच घराण्यातली. कुणाची पदोन्नती संपत्ती ठरते, कुणाच्या हाताखालच्यांना ती आपत्ती वाटते, पण धातू एकच. आणि हो, स्मरणिकेचे 'संपादक'ही याच कुळातले. त्यांचा लेख मागणारा फोन यातल्या कोणत्या बहिणीचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

'माया' हा मराठीचा खास दागिना. हिंदीत माया म्हणजे भ्रम किंवा पैसा. मराठीत 'त्याने बरीच माया जमवली' म्हणजे पैसा, आणि 'आईची माया' म्हणजे जीव लावणे. शिंप्याला आपण सांगतो, "मुलगी वाढत्या अंगाची आहे, आत माया ठेवा." शिवणीत दुमडून ठेवलेले ते जास्तीचे कापड म्हणजे माया. पैशाचा इतका चांगला अर्थ आम्ही दुसऱ्या कुठल्या भाषेत पाहिला नाही. पुढे उसवायला लागेल, सोडायला लागेल, म्हणून आत दुमडून ठेवलेले काहीतरी.

मग घबाड, डबोले, गडगंज, जिनगी, पुंजी. 'पुंजी' हा शब्द उच्चारताच आमच्या डोळ्यांपुढे पत्र्याची पेटी येते. 'घबाड' म्हटले की उद्या पेपरात छापून येईल अशी भीती वाटते.

आणि 'लक्ष्मी'. या शब्दाचा मूळ अर्थ खूण, चिन्ह. अथर्ववेदात पुण्यवान लक्ष्मी आहे तशी पापी लक्ष्मीही आहे. म्हणजे लक्ष्मी मुळात चांगल्या-वाईट नशिबाची खूण होती, पुढे ती फक्त चांगल्याची झाली आणि वाईटाला 'अलक्ष्मी' हे वेगळे नाव मिळाले. पुराणांत या अलक्ष्मीला ज्येष्ठा, लक्ष्मीची थोरली बहीण म्हटले आहे. आणि आपल्या घरी याच दिवसांत कोण येतात? ज्येष्ठा आणि कनिष्ठा. आमच्याकडे विदर्भाच्या रीतीने आम्ही त्यांना महालक्ष्म्याच म्हणतो. आता ही ज्येष्ठा म्हणजे गौर, ती तशी अलक्ष्मी नव्हे. पण दोघी बहिणी एका रांगेत उभ्या राहतात, दोघींना सारखीच साडी, सारखाच नैवेद्य, हे पाहून आम्हाला वाटते की जुनी माणसे शहाणी होती. दिवाळीला आपण घर झाडायच्या केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतो. घर स्वच्छ ठेवणाऱ्या कष्टाला लक्ष्मी म्हणणारी भाषा आपली आहे, याचा अभिमान वाटतो.

अभिमान वाटतो तिथे थोडी लाजही सांगितली पाहिजे. 'सौभाग्य' म्हणजे चांगले भाग्य. पण आपण बाईचे सगळे भाग्य नवऱ्याच्या आयुष्याला बांधून टाकले. आमचे वडील गेले आणि आईच्या नावापुढचे 'सौ.' गेले. पुढच्या पत्रिकेवर 'श्रीमती' आले. नाव तेच, बाई तीच, हाताची चव तीच. इथे हिंदीने आम्हाला एक धडा दिला. हिंदीत सगळ्याच विवाहित बायका 'श्रीमती'. त्यामुळे शेजारच्या हिंदी घरची निमंत्रणे आईला पूर्वी यायची तशीच येत राहिली. फरक फक्त आपल्या मराठी पत्रिकांत पडला. श्री म्हणजे लक्ष्मी, श्रीमती म्हणजे जिच्यापाशी श्री आहे ती. इतका श्रीमंत शब्द आपण वजाबाकीसाठी वापरला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीत ठराव करून विधवांच्या कुंकू पुसण्या-बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद केल्या. एक खेडे हे करू शकले. आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणात 'सर्व भगिनींना' एवढे दोन शब्द छापायला खर्च येणार नाही. अध्यक्ष मान हलवत आहेत, ती होकारार्थी आहे असे आम्ही समजतो.

'श्रीमंत'ही पाहा. मराठीत श्रीमंत म्हणजे पैसेवाला. इकडे मध्य प्रदेशात श्रीमंत ही पदवी, ग्वाल्हेरच्या घराण्यासाठी. आमचे एक पुण्याचे पाहुणे इथल्या फलकावर ते वाचून म्हणाले, "अहो, पैसा आहे हे असं उघड लिहितात?" त्यांना समजावता समजावता चहा गार झाला.

आता भोपाळच्या बाजारात चला. न्यू मार्केट असो की चौक, दुकानाच्या दारावर गणपती, एका बाजूला 'शुभ' आणि दुसऱ्या बाजूला 'लाभ'. इकडच्या परंपरेत ते गणपतीचे पुत्र मानतात. आमच्या लेकीला आम्ही विचारले, शुभ म्हणजे? म्हणाली, चांगलं होणं. लाभ म्हणजे? म्हणाली, पैसे मिळणं. म्हटले, लिही मग. फॉर्च्यूनचे दोन्ही अर्थ दाराच्या दोन्ही बाजूंना रंगवलेले आहेत, आणि मधे बाप्पा बसलेले आहेत. बाईंनी त्या उत्तरावर बरोबरची खूण केली की नाही ते अजून समजलेले नाही.

शेवटचा एक शब्द सांगतो आणि तुमची सुटका करतो. 'तकदीर'. गाण्यांतून सर्वांच्या परिचयाचा. अरबीत त्याचा मूळ अर्थ मोजणे, माप ठरवणे, अंदाज काढणे. मुकद्दर म्हणजे मापून दिलेले. मराठीतली 'कदर' त्याच धातूची. हे वाचले आणि आम्ही खुर्चीत ताठ बसलो. तकदीर म्हणजे चक्क आमच्या खात्याचे प्राक्कलन! आणि मग एक जुनी गोष्ट आठवली. तीही आज सांगून टाकतो.

नोकरीची सुरुवातीची वर्षे. रायसेन जिल्ह्यातल्या एका गावाचा रस्ता आमच्याकडे होता. गाव संपल्यावर ओढ्यापलीकडे एक टोला, वीस-पंचवीस घरे. रस्ता झाला, तो ओढ्याच्या अलीकडेच थांबला. बिल काढण्याआधी माप घ्यायला गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले आणि म्हणाले, "साब, हमारे टोले के नसीब में सड़क नहीं है।" रागाने नाही, तक्रार म्हणूनही नाही. पाऊस पडला म्हणतात, तसे म्हणाले.

रात्री आम्ही कागद काढले. मंजुरी टोल्यापर्यंतचीच होती. लांबी मोजताना सुरुवात चुकीच्या दगडापासून धरली होती, आणि त्यामुळे शेवटची जवळपास चारशे मीटर गळली होती. ते माप आमच्याच हातचे होते. एम. बी. त सही आमचीच होती. त्या म्हाताऱ्याचे नसीब आमच्या पुस्तकात, आमच्या अक्षरात लिहिलेले होते, आणि सटवाईचा त्यात काही हात नव्हता.

वडिलांना सांगितले. ते तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी एवढेच विचारले, "दुरुस्त होतं का?" म्हटले, होतं, पण चूक लेखी कबूल करावी लागेल. ते म्हणाले, "मग कर." कबूल केली. स्पष्टीकरण मागितले गेले, बोलणी बसली. सुधारित प्राक्कलन मंजूर व्हायला दोन पावसाळे गेले. त्या दोन पावसाळ्यांत टोल्याची मुले ओढा उतरून शाळेत गेली. ते आम्ही परत देऊ शकलो नाही. पण रस्ता झाला.

तेव्हापासून एक सवय लागली आहे. कुणी समोर उभे राहून 'हमारे नसीब में नहीं' म्हणाले की आम्ही आधी आपला कागद पाहतो. दहापैकी काही वेळा ते खरोखर नशीबच असते. पाऊस, वारा, आजार, कुणाच्याच हातात नसलेले. पण बाकीच्या वेळी कुठेतरी एक यादी असते, एक खिडकी असते, एक मोजपट्टी असते, आणि ती धरणारा माणूस असतो. आपल्या मंडळात सरकारी नोकरीतली माणसे पुष्कळ आहेत. आपल्यापैकी प्रत्येकाच्या टेबलावर कुणाचे तरी नशीब फायलीत बांधून पडलेले आहे. त्याला आपण कामाचा बोजा म्हणतो, तो समोरचा त्याला भाग्य म्हणतो.

'दैव आले द्यायला आणि पदर नाही घ्यायला' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती घेणाऱ्याला उद्देशून आहे. वाटणाऱ्याला उद्देशून म्हण आम्हाला सापडली नाही. पण आपल्या महाप्रसादाच्या पंगतीत एक रीत आहे, ती तुम्ही सगळे पाळता. वाढणारा शेवटी जेवतो. आणि वाढताना त्याचे लक्ष असते ते पंगतीच्या टोकाला बसलेल्या पोरावर, त्याच्यापर्यंत भात पोहोचतो की नाही यावर. भात आणि भाग्य एकाच मुळातले, हे त्या वाढणाऱ्याला कुणी सांगितलेले नसते.

चचा चार वर्षांपूर्वी गेले. त्यांची मुलगी शाळेत शिक्षिका आहे. दर वर्षी ती आपल्या गणपतीला येते आणि मोदकाचा प्रसाद घरी घेऊन जाते. आजही आली आहे, मागच्या रांगेत बसली आहे. तिला मराठी समजते, म्हणून आम्ही ही गोष्ट तिला आधी विचारून सांगितली.

प्रसादाची वेळ झाली आहे. तुम्ही आमचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले, हा आमच्या वाट्याला आलेला मोठा भाग.

गणपती बाप्पा मोरया!